कोल्हापुरातून जर्मनीला मास्टर्ससाठी: कोणतं काम कशाच्या आधी

माझ्या बारावीच्या मार्कलिस्टवर वडिलांचं नाव 'बाळासो' आहे आणि पासपोर्टवर 'बाळासाहेब'. आमच्याकडं हे एकच. तलाठ्यापासून दूध संस्थेच्या सेक्रेटरीपर्यंत कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. परदेशी जायच्या कागदांत मात्र ही दोन वेगळी माणसं होतात. अर्जाची मुदत १५ जुलैला संपली आणि माझा दुरुस्त झालेला कागद ऑगस्टमध्ये हातात आला. एक सेमिस्टर त्यात गेलं.

मी करवीर तालुक्यातली. इंजिनिअरिंग कोल्हापुरात, पदवी शिवाजी विद्यापीठाची, मास्टर्स माग्डेबुर्गला. दर वर्षी कॉलेजमधून, गावातून मुलामुलींचे फोन येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न इंग्रजीच्या परीक्षेचा असतो, "ताई, आयईएलटीएसला किती लागतात?" इथल्या कामातलं एकही काम फार अवघड नाही. पण प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो, आणि खालचा हलला की वरचे सगळे थांबतात. म्हणून मी खाली क्रम लिहिते आहे. निदान जायच्या आधी दीड वर्ष तो हातात असू द्या.

१. सगळ्यात आधी नाव जुळवा

एका दुपारी सगळे कागद जमिनीवर पसरून बसा: दहावी, बारावी, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कलिस्टा, आधार, पॅन, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला. बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. क्रम बदलला तर सहसा काही बिघडत नाही, स्पेलिंग बदललं तर बिघडतं. आपल्या भागात घोटाळा होतो तो बाळासो-बाळासाहेब, आण्णासो-अण्णासाहेब अशा नावांत, आणि एका ठिकाणी 'राव' लावलेलं, दुसरीकडं गाळलेलं असं असतं त्यात. आईचं नाव तर घरात एक, दाखल्यावर दुसरं असंही पुष्कळदा सापडतं.

पासपोर्ट काढायचा असेल तर तो मार्कलिस्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे काढा, आधारप्रमाणे नको. आधार दुरुस्त करणं सोपं आहे, दहावीची मार्कलिस्ट दुरुस्त करणं नाही. पासपोर्टासाठी कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला पळायची गरज नाही. फॉर्म भरताना आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. माझ्या एका मैत्रिणीचं पूर्ण नाव एकाच रकान्यात गेलं होतं, आणि जर्मनीत प्रत्येक कार्यालयात तिला ते नव्यानं समजावून सांगावं लागलं.

फरक फक्त वडिलांच्या नावात असेल तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. तुमचं स्वतःचं नाव किंवा आडनावच बदललेलं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी लागते. दोन्हीला वेळ जातो, म्हणून हे काम पहिलं.

२. कोर्स निवडताना विषय ताडून बघा

अर्ज नाकारले जातात त्याचं सगळ्यात मोठं कारण मार्क नसतात, विषय न जुळणं हे असतं. जर्मन विद्यापीठ तुमच्या पदवीतल्या विषयांची बेरीज करतं: गणित किती क्रेडिट, मुख्य विषय किती, प्रयोग किती. त्यांचं एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचा अभ्यास. म्हणून आपला अभ्यासक्रम विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या शिक्क्यानिशी काढून ठेवा आणि कोर्सच्या अटींशी ओळीनं ताडून बघा. याला दोन दिवस लागतात, आणि पुढचे दहा फुकटचे अर्ज वाचतात.

तुमचे मार्क त्यांच्या श्रेणीत काय होतात तेही आधी काढून बघा. तिथं १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. पैकीच्या पैकी गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला ३ नं गुणा, मग पैकीच्या पैकी वजा पास होण्याइतके गुण या आकड्यानं भागा, आणि शेवटी १ मिळवा. समजा १० पैकी तुमचे ८ आणि पास ४ ला, तर उत्तर येतं २.० . कोर्सची अट 'कमीत कमी २.५' असेल तर तुम्ही आत आहात.

फीबद्दल: बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, फक्त सेमिस्टरचा अंशदानाचा हप्ता असतो. पण बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशी फी सुरू केली आहे. 'जर्मनीत शिक्षण फुकट' एवढंच ऐकून यादी बनवू नका.

बरेच अर्ज युनि-असिस्टमार्फत जातात; विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी ही जर्मन संस्था. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. तपासायला त्यांना चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा मुदतीच्या आदल्या दिवशी भरलेला अर्ज कमी कागद निघाला की वाया जातो. हिवाळी सत्राची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलै आहे, तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही कोर्स मार्च-मेमध्येच बंद होतात.

एजंटांबद्दल एवढंच सांगते. एजंट लावायचा असेल तर लावा, पण युनि-असिस्टचं खातं, ईमेल आणि पासवर्ड तुमच्याच हातात हवा. माझ्या ओळखीच्या एका मुलाला प्रवेशाचं पत्र आल्याचं तीन आठवड्यांनी कळलं, कारण ईमेल एजंटचा होता.

३. एपीएस आणि विद्यापीठाचे कागद

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. तुमचे शैक्षणिक कागद खरे आहेत याची ती तपासणी. शुल्क १८,००० रुपये. आता बहुतेक विद्यापीठं अर्जासोबतच ते मागतात, म्हणजे प्रवेश मिळाल्यावर करू असं म्हणून चालत नाही.

त्यासाठी आणि अर्जांसाठी मिळून ही फाईल तयार ठेवा:

– पासपोर्ट
– दहावी, बारावीची मार्कलिस्ट
– सगळ्या सेमिस्टरच्या मार्कलिस्टा, नापास झालेल्या विषयांसकट
– पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र
– ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरचे गुण एकत्र दाखवणारा अधिकृत कागद), निदान पाच सीलबंद पाकिटं
– शिक्क्याचा अभ्यासक्रम
– शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचा दाखला
– आयईएलटीएस किंवा तत्सम निकाल (आयईएलटीएस दोनच वर्षं चालतो, फार आधी देऊ नका)
– शिक्षकांची शिफारसपत्रं, लेटरहेडवर आणि कॉलेजच्या ईमेलसह

मूळ पदवी दीक्षांत समारंभानंतर मिळते, त्यामुळं निकाल लागल्या लागल्या तात्पुरत्या प्रमाणपत्राचा अर्ज टाका. कॉलेज स्वायत्त असेल तर ट्रान्सक्रिप्ट कॉलेज देतं की विद्यापीठ, हे आधी विचारून घ्या. दोन्हीकडच्या खिडक्यांवर एकमेकांकडं पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि बॅकलॉग लपवू नका. तपासणीत तो दिसतोच; लपवलेला दिसला तर सगळाच अर्ज संशयात जातो.

४. पैसे: इथं घाई करू नका, पण उशीरही नको

व्हिसासाठी वर्षाचा खर्च ब्लॉक खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिथं पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो तुमच्या चालू खात्यात येतात. रुपयांत ही रक्कम दहा लाखांच्या पुढं जाते. आमच्यासारख्या घरात ती कर्जानंच उभी राहते.

सरकारी बँका साधारण साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. आणि इथंच आपल्याकडची पोरं अडकतात. घरी चार एकर ऊस असतो, बाप निर्धास्त असतो, आणि बँकेत गेल्यावर कळतं की शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून सहसा घेत नाहीत. बिगरशेती प्लॉट किंवा घर लागतं. घर गावठाणात असेल तर प्रॉपर्टी कार्ड आहे का ते बघा. नुसत्या ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर काही बँका तयार होत नाहीत.

त्याहून मोठी अडचण नावाची. आमचं घर आजोबांच्या नावावर होतं. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली होती, वारस नोंद झाली नव्हती. दोन काका, एक आत्या. आत्याचं हक्कसोडपत्र करायला ती इचलकरंजीहून आली, सही केली आणि म्हणाली, "पोरीच्या शिक्षणाला लागतंय म्हणून करतेय, नाहीतर केलं नसतं." तिच्या त्या सहीशिवाय मी गेलेच नसते. तेव्हा पहिल्या वर्षीच घरात विचारा: घर कुणाच्या नावावर आहे, वाटण्या झाल्यात का, सोसायटीचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे का. हा विषय जेवणाच्या ताटावर काढायला जड जातो, पण तो आधीच काढा. त्यानंतर बँकेच्या यादीतल्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन, या दोन्हीत महिना सहज जातो.

शाखेत गेल्यावर एक गोष्ट पहिल्याच भेटीत बोला. साहेबांना सवय असते फी थेट विद्यापीठाला पाठवायची. जर्मनीत फी नाही, पैसे ब्लॉक खात्यात जायचे आहेत, आणि तेही व्हिसाच्या आधी, हे त्यांना कागदावर दाखवा. मंजुरीपत्रात 'राहण्याचा खर्च' वेगळा लिहून घ्या. माझं कर्ज मंजूर होऊनही पैसे सुटायला पाच आठवडे लागले ते एवढ्या एका ओळीसाठी. शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर) नाही. स्वतःच्या पैशांतून पाठवलेल्यावर वर्षाला दहा लाखांच्या वर लागतो.

शिष्यवृत्त्याही बघा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी मुलामुलींसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे. दोन्हींत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, त्यामुळं यादी बनवतानाच ती लक्षात घ्या. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना पैशाची मदत केली होती. त्याच महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती कोल्हापुरातल्या मुलांना माहीत नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

५. व्हिसा

प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक खातं, विमा आणि 'हाच कोर्स का' सांगणारं एक प्रामाणिक पत्र, असा संच लागतो. पत्र इंटरनेटवरून उचलू नका. तुमच्या प्रोजेक्टबद्दल लिहा. शुल्क ७५ युरो. मुंबईतल्या मुलाखतीची वेळ सकाळची असेल तर रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसवर भरवसा ठेवून त्याच सकाळी उतरायचं धाडस करू नका, एक दिवस आधी जा.

जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यावर फेरविचाराचा अर्ज करायची सोय बंद झाली आहे. आता नवा अर्ज किंवा कोर्ट. म्हणून कागद पहिल्यांदाच पुरे हवेत.

६. बॅग

कांदा-लसूण चटणी न्या, मसाले न्या, छोटा कुकर न्या. तूप, पेढे, खवा, खर्डा लावलेलं सुकं मटण यातलं काही नेऊ नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. आईनं घरचं तूप कढवून बरणीत भरलं होतं. ते टेबलावर ठेवून निघताना दोघींनाही त्रास झाला. ताजे आंबे, कढीपत्ताही नको. चटणी दोन पिशव्यांत बांधा, तेल सुटतं. मूळ कागद हातातल्या बॅगेत. जाड कोट तिथंच घ्या.

७. पहिले पंधरा दिवस

इथं पुन्हा साखळी आहे: खोली, मग पत्त्याची नोंदणी, मग बाकी सगळं.

खोलीसाठी श्टुडिएरेन्डेनवेर्क या संस्थेच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र आल्या दिवशीच टाका, रांग लांब असते. खासगी खोली घेताना 'मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरनं येईल' असं म्हणणाऱ्याला एक युरोही देऊ नका. डिपॉझिट कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असतं. जाहिरातीतलं भाडं 'काल्ट' आहे की 'वार्म' हे बघा. काल्टमध्ये हीटिंग आणि पाण्याचा खर्च धरलेला नसतो.

आणि घरमालकाला सरळ विचारा: पत्त्याची नोंदणी करू देणार का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंदणी करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो कागद न देणारी खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नका. त्या नोंदणीवर पुढं राहण्याचा परवाना, करक्रमांक आणि बऱ्याचदा बँक खातंही अवलंबून असतं. सरकारी आरोग्य विमा तर विद्यापीठात नाव नोंदवायलाच लागतो; तीस वर्षांखालच्यांना विद्यार्थी दरानं मिळतो.

आता एक गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. मी एका मुलीच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहत होते. तीन आठवडे एकही पत्र आलं नाही. बँकेचं कार्ड नाही, पिन नाही, विम्याचं कार्ड नाही. मग खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला हाताला धरून दारातल्या टपालपेट्यांकडं नेलं आणि एका पेटीवर बोट ठेवलं. तिथं माझं नाव नव्हतं. जर्मनीत खोली क्रमांक लिहीत नाहीत, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत. आमच्या गावात पोस्टमन 'बाळासोंची पोरगी' म्हणून पत्र घरात आणून देतो. त्या दिवशी मी कागदाची पट्टी कापून निळ्या पेनानं आडनाव लिहिलं, वर सेलोटेप लावला, आणि चौथ्या दिवशी पहिलं पत्र आलं. चावी मिळाली की आधी पेटीवर नाव लावा, मग बॅग उघडा.

किरकोळ पण कामाचं: रविवारी दुकानं बंद, शनिवारी भाजी आणा. रात्री दहानंतर मिक्सर नको. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, छताला धूर ओळखणारं यंत्र असतं आणि ते पूर्ण मजल्याला उठवतं. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकून परत घ्या. आणि प्रत्येक घराला महिना १८.३६ युरो प्रसारण शुल्क लागतं. पत्र आलं की फसवणूक समजून फेकू नका. एका घरात चौघं असाल तर एकानंच भरायचं.

८. वर्ग आणि परीक्षा

वेळापत्रकात '१० सी.टी.' लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. हजेरी बहुतेक तासांना नसते. त्यामुळं पहिले दोन महिने मोकळे वाटतात, आणि फेब्रुवारीत एका परीक्षेवर सगळे गुण असतात.

परीक्षेला बसायचं तर स्वतः नोंदणी करावी लागते. विषयाच्या तासांना बसलं म्हणजे परीक्षा आपोआप लागत नाही. नोंदणीची आणि नाव मागं घेण्याची तारीख फोनमध्ये घाला. पुष्कळ ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात, आणि तिन्ही गेल्या तर तो कोर्स जर्मनीत दुसरीकडंही करता येत नाही. तयारी नसेल तर मुदतीत नाव काढून घ्या, त्यात कमीपणा नाही. प्राध्यापकांना शंका विचारायलाही घाबरू नका. मला पहिलं सेमिस्टर वाटायचं की विचारलं तर 'हिला एवढंही येत नाही' असं होईल. तिथं उलट न विचारणाऱ्याबद्दल कुतूहल नाही असा समज होतो.

९. काम

वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि तास सुरू असताना आठवड्याला साधारण २० तासांची मर्यादा धरून चाला. पहिल्या सेमिस्टरला काम मिळेल असं गृहीत धरून घरून कमी पैसे घेऊन येऊ नका. विद्यापीठातलं सहायकाचं काम सगळ्यात चांगलं. स्वतंत्र व्यवसाय म्हणून डिलिव्हरीचं काम परवान्यात बसतंय का ते आधी वाचा. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, पण त्या काळात जर्मन भाषेनंच फरक पडतो. इंग्रजी कोर्स असला तरी निघायच्या आधी जर्मन ए२ पर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या दोन पातळ्या, शिका.

१०. पहिला हिवाळा आणि घर

डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो. पंचगंगेच्या घाटावर संध्याकाळी सातपर्यंत बसलेल्या माणसाला ते सोसत नाही. मला नोव्हेंबरात रडू यायचं, कारण सापडायचं नाही. दुपारी ऊन असेल तेव्हा अर्धा तास बाहेर पडा, आठवड्यातून एकदा कुणाबरोबर तरी स्वयंपाक करा, आणि दोन आठवड्यांहून जास्त तसंच राहिलं तर विद्यापीठातल्या समुपदेशकाकडं जा. सेवा मोफत असते.

निघायच्या आधी घरी एक फाईल ठेवून जा: कर्ज खात्याचे कागद, पासपोर्टच्या झेरॉक्सा, आणि वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र. दुसऱ्या वर्षीचा हप्ता सोडवताना बँक सही मागते, तेव्हा तुम्ही साडेसहा हजार किलोमीटरवर असता.

फोनची वेळही ठरवा. मी तिथल्या सहाला लावायचे, तेव्हा घरी साडेनऊ वाजलेले असायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं जातात आणि तेच सहा वाजता घरी साडेदहा होतात. मी सांगायचं विसरले होते. आई साडेनऊपासून फोन मांडीवर घेऊन सोप्यात बसली होती, बाबा दोनदा उठून रेंज बघून आले होते. त्या रविवारच्या आधीच घरी सांगून ठेवा.